प्रमिलाताईंचं शेवटचं मिक्सिंग

ताई, तुमचं कव्हर मी काढलं. हे आधीच सांगून टाकते, कारण मागून कळलं की तुम्ही दुप्पट रागावता.

जांभळ्या पातळाचं, कडेला सोनेरी लेस लावलेलं आणि समोर बटणाच्या जागी बरोबर काज केलेलं ते कव्हर. ब्लाउजला काज करतात, सदऱ्याला करतात. कॉम्प्युटरच्या डब्याला काज करणारी बाई मी तुमच्याखेरीज पाहिली नाही. कव्हर न काढता बोट आत घालून बटण दाबता आलं पाहिजे, म्हणून. आदिलाबादजवळच्या मावल्यातलं आपलं घर अगदी रस्त्यावर, आणि हंगामात दिवसभर कापसाच्या गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे जातात. त्यातला कापूस उडतो तो वाळत घातलेल्या कपड्यांवर, उंबऱ्यात, चहाच्या कपात. "घरात येते ते मशीनमंदी जाणार नाई का?" हे तुमचं म्हणणं. माझं म्हणणं एवढंच, की त्याला श्वास तरी घेऊ द्या. या कव्हरावरून आपण जितक्या भांडलो तितक्या सख्ख्या बहिणीही भांडत नसतील, आणि आपण तर नणंद-भावजय.

गेल्या आठवड्यात, तुम्ही गेल्यानंतरचा, तुमचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला. भंतेजींनी गाथा म्हटल्या, मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलला. शांत होत्या, सोशिक होत्या, कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत. मी मागे बायकांत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही कोण बाई? माझ्या नणंदेला तर जीभ होती. एखाद्या गिऱ्हाइकानं "अक्का, जरा लवकर" म्हटलं की तुम्ही त्याला तेलुगूत असं काही ऐकवायच्या, की पुढच्या वेळी तो चपला काढून, हात पुढे बांधून दारात उभा राहायचा. मला उठून हे सांगावंसं वाटलं. पण शाळेत दिवसभर पोरांपुढे बडबडणारी मी, तिथे तोंडच उघडलं नाही. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि तुम्हाला रडणं लांबलेलं आवडत नाही. म्हणून आता इथे लिहिते आहे.

मी भैंसाहून या घरात सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं, पुढच्या खोलीत शिलाईचं काम चालतं. आत डोकावले तर तुम्ही कानाला हेडफोन लावून बसलेल्या आणि पडद्यावर माझंच लग्न. मिलिंदनं, म्हणजे तुमच्या धाकट्या भावानं, शूटिंगची जबाबदारी स्वतःच्या लग्नापुरती मित्राला दिली होती. पण मिक्सिंग दुसऱ्याच्या हाती जाऊ देणं तुमच्या स्वभावात नव्हतं. माझ्या मामांनी जेवणावरून घातलेला गोंधळ तुम्ही माझ्यादेखत एका टिचकीत कापून टाकलात आणि मान न वळवता म्हणालात, "पाह्य, तुह्या मामाले सुधरवून टाकलं." आजही आमच्या माहेरी ती फिल्म लावली की मामा शहाण्यासारखे वागताना दिसतात. त्यांचाही आता त्यावर विश्वास बसला आहे.

"लग्न दोन वेळा लागते," तुम्ही म्हणायच्या. "एकडाव मांडवात, अन् एकडाव माह्या खोलीत. मांडवातल्यात भांडणं होते. माह्या खोलीतल्यात होत नाई."

आणि भांडणं होऊ नयेत म्हणून तुम्ही माणसांचं बोलणंच कापायच्या. सगळं. आत्याचा आशीर्वाद, काकाचा विनोद, पोरांची आरडाओरड, सगळ्याचा आवाज खाली ओढून वर तुमची ती सनई. तीच सनई. आपल्या लोकांचं लग्न असो, तेलुगू लोकांचं असो, कोणा दुकानदाराच्या मुलीचं असो, सनई एकच. मला ती आवडत नाही, हे तुम्हाला माहीत होतं, आणि म्हणूनच की काय, मी शाळेतून यायच्या वेळी तुम्ही ती जरा मोठ्यानं लावायच्या. मी विचारायची, "ताई, तुमी लोकायचं बोलणं काऊन कापता? उद्या त्यायले आपल्या माणसाचा आवाज ऐकू वाटला त?" तुमचं उत्तर ठरलेलं. "मॅडम, लग्नात कोण काय बोललं त्याच्यावरूनच दोन वर्षांनी कोर्टकचेऱ्या होते. सनईवरून कोनाची झाली का आजलग?" मी हे कधी मान्य केलं नाही. हा वाद आपला चालूच होता, आणि तुम्ही तो तसाच टाकून गेलात.

पाठवणीचं रडणंही तुम्ही नेहमी लहान करायच्या. मुलगी गाडीत बसली की तुमचा हात माऊसवर यायचा. तुम्ही स्वतः लग्न होऊन गेलात आणि वर्षभरात परत आलात, ते का, हे या घरात कोणी बोललं नाही. मी कधी विचारलं नाही. कधीतरी पडद्यावर कोणाची तरी गाडी निघत असताना तुम्ही काही बोलायला तोंड उघडायच्या, मी हातातलं काम थांबवायची, आणि तुम्ही म्हणायच्या, "चहा ठेव." मी चहा ठेवायची. आता वाटतं, एकदा तरी विचारायला हवं होतं. मग वाटतं, बरं झालं विचारलं नाही. चहा ठेवणारं कोणीतरी एक माणूस घरात लागतंच.

आता कामाचं बोलते.

तुमच्या त्या कौसाबाई. भीमपूरच्या. लहानपणी तुम्ही दोघी एका ओळीत कापूस वेचायच्या, आणि कौसाबाईंचा हात भरभर चालतो म्हणून तुम्ही त्यांच्या झोळीतला मूठभर आपल्या झोळीत टाकायच्या, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. त्यांच्या प्रज्ञाचं लग्न निघालं आणि अंगण सारवता सारवता कौसाबाई घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. मांडव घातलेला, पाहुणे निघालेले, आणि नवरीची आई आदिलाबादच्या दवाखान्यात पाय टांगून पडलेली. लग्न पुढे ढकलू म्हणाले तर त्यांनी घरच्यांना दम दिला, "ढकलाल त मी अशीच खाटेसकट येईन." लग्न झालं. आईशिवाय झालं. मिलिंद कॅमेरा घेऊन भीमपूरला गेला. तुम्ही कधीच शूटिंगला जात नव्हता, त्याही दिवशी गेला नाहीत. "हार्डडिस्क पाहून येतो" म्हणालात आणि पिशवी घेऊन बाहेर पडलात. पिशवी जरा फुगलेली होती, एवढं मला आठवतं. हार्डडिस्क काही आणली नाहीत.

कौसाबाईंना तुम्ही शब्द दिला होता, की घरी गेल्यावर तुला टीव्हीवर अख्खं लग्न दाखवते, मांडवात बसल्यासारखं. आणि त्या फिल्मवर तुम्ही जेवढं बसलात तेवढं मी तुम्हाला कोणत्याच लग्नावर बसलेलं पाहिलं नव्हतं. खोलीत कोणी आलं की खिडकी छोटी करायच्या. मला वाटायचं, मैत्रिणीचं काम आहे, चुका दाखवायच्या नसतील.

मग रेंडर लावायची वेळ आली. कापलेले-जोडलेले तुकडे, सनई, फुलांच्या चौकटी हे सगळं एकत्र दळून त्याची एक सलग फिल्म काढायचं ते काम. रेंडर लावला की आपलं घर बाळंतिणीच्या घरासारखं व्हायचं. मिक्सर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही, शेजारच्या खाटेवर कोणी धपकन बसायचं नाही. मी एकदा शिंकले तर तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी दुसरी शिंक मागच्या अंगणात जाऊन दिली. पण या वेळी एवढं सांभाळूनही कॉम्प्युटर मध्येच गोठायचा. पडद्यावरची रेघ पुढे सरकता सरकता थांबायची. माऊस हलत नाही, घड्याळाचा काटा हलत नाही, आतला पंखा मात्र घूंऽऽ करत ओरडतोय. बंद करायचा, परत चालू करायचा, परत तेच.

"गरमी चढते त्याले," तुम्ही म्हणालात.

आदिलाबादची थंडी. आम्ही स्वेटरवर शाल घेऊन अंगणात शेकोटीला बसलेलो. मी म्हटलं, "ताई, आपल्याले हुडहुडी भरून राह्यली अन् याले गरमी?"

"तुले नाई समजत. हा काम करून राह्यला. तू बसून राह्यली."

मी म्हटलं, गरमी असेल तर ती कव्हराची आहे. मिलिंद म्हणाला, गरमी नाही आणि कव्हर नाही, सॉफ्टवेअर बिघडलंय, फॉर्मॅट मारून टाकू. तुम्ही दोघांनाही खोलीबाहेर काढलंत. घरातला टेबलफॅन त्या डब्यापुढे लावलात, कव्हराच्या वरूनच. जांभळं पातळ फडफडत होतं आणि तुम्ही समोर हात बांधून बसला होतात, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारख्या.

मग ती सकाळ आली. तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तुमचा चहा ओतलेला होता, एवढंच.

पुण्यानुमोदनानंतर कौसाबाईंचा फोन आला. त्या अजून खाटेवरच, म्हणून येऊ शकल्या नव्हत्या. बराच वेळ नुसत्या हुंदक्यांचा आवाज. मग म्हणाल्या, "बाई, इचारू नाई असं इचारतो. ते झालं होतं का तिचं? मले म्हणे, कौसे, तू मांडवात दिसशील." मी त्यांना म्हटलं, देते, तयार करून देते. तुमचं बोलणं मी बोलण्यासारखंच घेतलं. माणूस म्हणतोच असं.

मिलिंदला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "तो डबा विकून टाकू रंजना. माह्याच्यानं त्या खोलीकडे पाहवत नाई. कौसाबाईचं लग्न मी दुसऱ्याकडून करून आणतो." दुसऱ्याकडून, म्हणजे पहिल्यापासून. तुमचं कापणं, तुमचं जोडणं गेलं. तुम्ही ज्या जागी हात फिरवलात ती एकही जागा राहणार नाही. मला ते चालणार नव्हतं. तुम्ही कौसाबाईंना शब्द दिला होता आणि तुमचं काम त्या डब्यात होतं. ते दोन्ही मला एकत्रच त्यांच्या दारी न्यायचं होतं.

डबा गावात दुकानात नेला. दुकानदारानं उघडूनही पाहिलं नाही. "फॉर्मॅट मारना पडेगा मॅडम. डाटा पूरा जाता." मी तो तसाच मांडीवर घेऊन ऑटोनं परत आणला. संक्रांतीच्या सुट्ट्या लागल्या होत्या, शाळा नव्हती. दुपारच्या उन्हात अंगणात पोतं पसरलं, तुमचं कव्हर काढलं आणि बाजूचा पत्रा उघडला.

ताई, आत कापूस होता. धुरळा नव्हे, कापूस. पंख्याखाली त्या पातळ पत्र्यांच्या ज्या फटी असतात, जिथून गरम हवा बाहेर पडते, तिथे एवढा घट्ट बसला होता की चिमटीत धरून ओढला तर आख्खी घडीच निघाली, तक्क्यात भरावी अशी. म्हणजे गरमी होती, तुम्ही बरोबर होतात. कापूस खालून गेला होता, आणि कव्हरानं त्याला बाहेर पडू दिलं नव्हतं, म्हणजे मीही बरोबर होते. मी अंगणात एकटीच हसले. शेजारणीनं कुंपणावरून पाहिलं आणि बिचारी आत गेली. तिला वाटलं असेल, दुःखानं हिचं डोकं फिरलं.

रंगाच्या ब्रशनं सगळं झाडलं. पंख्याखालची, गरमी ओढून घेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, तुम्ही मला एकदा दाखवलं होतं तशी, हरभऱ्याएवढी. डबा खोलीत नेला, उघडाच ठेवला, रेंडर लावला. मिक्सर बंद, इस्त्री बंद. पंखा गप्प फिरत होता. रेघ सरकत गेली, पूर्वी कधी गेली नव्हती तितकी पुढे गेली. मी उठून चहा ठेवायला निघाले, आणि ती थांबली.

परत लावला. परत थांबली. पण या वेळी मी पाहत होते. ती त्याच जागी थांबली होती.

हे मला शाळेत शिकवलेलं नाही, पण शाळेनंच शिकवलं. जे पोरगं कुठल्याही गणितात चुकतं ते थकलेलं असतं, त्याला खाऊ घालून झोपवायचं. जे पोरगं दर वेळी एकाच गणितात अडतं, ते थकलेलं नसतं. त्या गणितातच काहीतरी असतं. आधी कॉम्प्युटर कुठेही थांबायचा. ती गरमी होती, ती आपण काढली. आता एकाच जागी थांबतोय, म्हणजे फिल्ममध्येच काहीतरी आहे. मी फिल्मचे दोन भाग केले. पहिला सुरळीत निघाला, दुसऱ्यात अडला. दुसऱ्याचे परत दोन केले. असं करत करत एक एवढासा तुकडा उरला. फुलांचा. गाथा संपतात, सगळे उभे राहतात आणि नवरा-नवरीवर फुलं टाकतात, तो.

त्या तुकड्याच्या मधोमध एक लहानसा क्लिप होता, ज्याचं नाव बाकीच्यांसारखं नव्हतं. मिलिंदच्या कॅमेऱ्याचा नव्हता, मोबाइलचा होता. तुम्ही! "मोबाइलचं काई आनू नका, मी घेत नसतो," असं प्रत्येक गिऱ्हाइकाला दारातच सांगणाऱ्या तुम्ही. मी तो उघडला.

दवाखान्याची खाट. पाय टांगलेल्या कौसाबाई. अंगावर पांढरी नवी साडी, नुसतीच वरून घातलेली, आणि केसांत मोगऱ्याचा गजरा. मांडीवर स्टीलचं ताट, ताटात झेंडूच्या पाकळ्या. उशाशी दुसरा फोन ठेवलेला, त्यातून भीमपूरच्या मांडवातल्या गाथा ऐकू येत असाव्यात, कारण कौसाबाईंचे ओठ हलत होते. मग त्यांनी मूठ भरली आणि समोर फुलं उधळली. आणि तुम्ही काय केलं होतं, ताई? त्यांची फुलं हातातून सुटली की तिथेच कापलं होतं, आणि पुढच्या क्षणाला मांडवात प्रज्ञाच्या डोक्यावर फुलं पडत होती. दवाखान्यात टाकलेली फुलं मांडवात पोचत होती. कुठे जोड आहे हे कळतसुद्धा नव्हतं. एवढं सुंदर काम तुम्ही आयुष्यात केलं नव्हतं आणि ते कोणाला सांगितलंही नव्हतं. त्या दिवशी पिशवी का फुगली होती ते मला आत्ता कळलं.

वर सनई. खाली क्लिपचा आवाज तुम्ही नेहमीसारखा शून्यावर ओढलेला. मी तो वर केला.

"थांब वं कौसे. आत्ता नाई. आयक, शेवटची गाथा चालू हाय." तुमचा आवाज. अगदी फोनच्या मागून, अगदी कानाशी. "हां... आता. टाक. जोरानं टाक, पोरीपर्यंत गेले पाह्यजे."

आणि मग तुमचा हात चौकटीत येतो, कौसाबाईंच्या नाकावर चिकटलेली एक पाकळी काढतो, आणि तुम्ही हसता. हसता हसता तो आवाज दुसरंच काही होतो आणि क्लिप संपतो. तुम्हाला रडणं लांबलेलं आवडत नाही.

मी हाक मारली नव्हती, पण दारात पाहिलं तर मिलिंद उभा होता. हात ओले, अंगणात नळावर काहीतरी धूत असावा. तो त्या खोलीत तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच आला होता. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, आता बंद कर म्हणेल. तो म्हणाला, "आवाज वाढव."

आम्ही तो किती वेळा लावला ते विचारू नका. नंतर तो शर्टाला हात पुसून तुमच्या खुर्चीवर बसला आणि कामाला लागला. त्यानं मला समजावलं, की कॅमेऱ्याचा व्हिडिओ एका चालीनं चालतो, मोबाइलचा आपल्या मनानं, कुठे भरभर, कुठे हळू. आणि आपला हा म्हातारा कॉम्प्युटर त्याच्या पावलाशी पाऊल मिळवता मिळवता पडतो. "ताईनं कधी मोबाइलचा घेतलाच नाई, तिले कसं ठाऊक असन?" मला वाटतं, ठाऊक असतं तरी तुम्ही त्या क्लिपवर संशय घेतला नसता. तुम्ही हवेला बोल लावला, व्होल्टेजला लावला, गरमीला लावला. त्या अख्ख्या लग्नात तुमचा जीव जिथे अडकला होता, तिथेच कॉम्प्युटर अडकत होता.

मिलिंदनं तो क्लिप वेगळा काढला, आधी त्याला कॅमेऱ्याच्या चालीवर आणला आणि मग होता त्याच जागी, तुम्ही कापला होता तिथेच कापून, परत बसवला. एक तसूभरही हलवला नाही. मग माझ्याकडे पाहिलं. आवाजाच्या पट्टीवर त्याचं बोट होतं.

ताई, तुम्ही तो शून्यावर ठेवला होता. तुमचा निर्णय होता. तुमचं काम जसंच्या तसं न्यायचं म्हणून मी भांडले होते, आणि आता मीच त्यात हात घालणार होते. मी मनातल्या मनात तुमची बाजूही मांडून पाहिली, की कोर्टकचेऱ्या होतात. पण या बोलण्यावरून कोणाची कोर्टकचेरी होणार? मी सनई तिथे खाली केली आणि तुम्हाला वर केलं. रागवायचं तर रागवा. कव्हरासाठी रागावणारच आहात, त्यातच हेही धरा.

रेंडर लावला. मिलिंद टेबलाच्या या बाजूला, मी त्या बाजूला. त्या जागेशी रेघ आली तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पुढे गेली होती.

काल आम्ही भीमपूरला गेलो. बसमध्ये पेनड्राइव्ह मी हातरुमालात बांधून मुठीत धरला होता. कौसाबाईंची खाट टीव्हीसमोर आणून ठेवली होती, शेजारच्या बायका जमल्या होत्या, आणि कौसाबाईंनी तीच पांढरी साडी नेसली होती, या वेळी नीट. फिल्म लागली. त्या प्रत्येकाला नावानं हाका मारत होत्या, कोण जाड झालं, कोणी जुनीच साडी नेसली, सगळं. बायका हसत होत्या. मग गाथा संपल्या, सगळे उभे राहिले, आणि पडद्यावर दवाखान्याची खाट आली.

"थांब वं कौसे," तुम्ही म्हणालात. "आत्ता नाई."

कौसाबाई खरंच थांबल्या.

"हां... आता. टाक. जोरानं टाक, पोरीपर्यंत गेले पाह्यजे."

त्यांनी रिकामी मूठ उचलली आणि टीव्हीच्या दिशेनं उघडली. मांडवात प्रज्ञाच्या डोक्यावर फुलं पडली.

"गेले वं प्रमिला," त्या म्हणाल्या. "पाह्य, पोचले."

मिलिंद उठून दाराबाहेर गेला. मी तिथेच बसून राहिले. पडद्यावर पुढे तुमची सनई लागली, तीच, मला न आवडणारी, आणि मी ती शेवटपर्यंत ऐकली.